काचेवरचा टिळा

मी एक जुना दिवा आहे, पण देवघरातला नाही. धुळ्याच्या एका खासगी दवाखान्याच्या अडगळीत, मोडक्या स्टुलाशेजारी मी उभा आहे. मित्रांनो, माझा उजेड लाल होता आणि त्याने कर्करोग बरा होत असे. आज हे सांगूनही कोणाला खरे वाटणार नाही.

मुंबईहून मला गवतात गुंडाळून आणले ते १९९६ साली. माझ्याबरोबर लेसरचे यंत्र होते. आमची जोडी होती. चामडीवरचा कर्करोग अगदी कोवळा असेल, तर आधी लेसर वरची खपली अलगद उडवायचा. मग डॉक्टर तिथे मलम लावत. रोगी तीन-चार तास अंधाऱ्या खोलीत बसला की त्याच्यावर माझा उजेड पडायचा आणि मलम मुरलेल्या वाईट पेशी तेवढ्या मरायच्या. सुरी नाही, टाका नाही. मला तेव्हा फार गर्व होता.

शिंदखेड्याकडची द्रौपदाबाई आली तेव्हा दिवाळीला पंधरा दिवस होते. तिची कातडी नि केस जन्मापासून पांढरे. अशा कातडीला ऊन सोसत नाही, आणि तिचा तर जन्म शेतात निंदणी करण्यात गेलेला. डोळ्याखाली रुपयाएवढा चट्टा होता. "वेळेवर आलात अक्का. उजेडाच्या तीन पाळ्यांत बरं होईल. उशीर झाला असता तर डोळा गेला असता," डॉक्टर म्हणाले.

पहिल्या पाळीनंतर आठवड्याने ती दाखवायला आली, तेव्हा चट्टा निम्मा ओसरला होता. तिने आरशात पाहिले आणि माझ्या दांड्यावरून हात फिरवला. "ऊन मना बैरी शे," ती म्हणाली, "अन् हाऊ उजेड मना भाऊ."

मला कोणी भाऊ म्हटले नव्हते. मी खुळ्यासारखा खूश झालो.

दुसरी पाळी नेमकी भाऊबिजेला आली. तिने कनवटीची कुंकवाची डबी काढली, केसांतल्या तेलाने बोट ओले केले आणि माझ्या काचेच्या मधोमध जाड टिळा लावला. "सख्खा भाऊ नही माले," ती सिस्टरला म्हणाली. बेबाबाई सिस्टरने पुसायला फडके उचलले, पण हात आखडला. "सवाष्णीनं लावलेलं कुंकू कसं पुसू? राहू दे."

मी पेटलो. टिळा तापला आणि काचेवर भाजून घट्ट बसला. उजेड लाल, कुंकू लाल, आणि खोलीत सगळ्यांच्या डोळ्यांना काळे चष्मे. माझ्या उजेडाच्या मधोमध सावली होती आणि ती बरोबर तिच्या चट्ट्यावर पडत होती. मला ते कळत होते. मला तोंड नव्हते. पंधरा दिवसांनी तिसरी पाळीही त्या टिळ्यासकटच झाली.

कडा छान भरून आल्या. वरून कातडी बरी दिसली, म्हणून डॉक्टरांनी तिला घरी पाठवले. तिच्यानंतर माझ्या उजेडाखाली दुसरे कोणी आले नाही. पावसाळा संपता संपता ती परत आली, तेव्हा रोग आत डोळ्याच्या हाडापर्यंत गेला होता. "कडा बऱ्या झाल्या, मग मधलं राहिलं कसं?" असे पुटपुटत डॉक्टर माझ्यापाशी आले. त्यांनी काचेवर नख घासले, तर नखाखाली कुंकवाचा लाल भुगा आला. त्यांनी ब्लेडने टिळा खरवडून काढला, पण त्यानंतर मला कधी पेटवले नाही. लेसर चामखिळी काढायला राहिला आणि मी अडगळीत आलो.

मोठ्या शहरात तिचा डोळा काढला. तरी रोग मागे हटला नाही.

त्या भाऊबिजेला ती अडगळीच्या दारात उभी राहिली. अर्ध्या तोंडाला पट्टी होती. "तुना काही दोष नही, भाऊ. मनं नशीबच खोटं," म्हणत तिने पुन्हा कुंकू लावले. डॉक्टर मागे उभे होते. खरे काय झाले ते त्यांनी तिला सांगितले नाही. सांगून आता काय उपयोग होता? होळीच्या आत ती गेली.

मित्रांनो, ज्या वस्तूवर माया कराल, तिची पूजा जरूर करा. पण कामाला लावण्याआधी तिची काच पुसा. पुसल्याने कुंकवाचा अपमान होत नाही.

तिचा दुसरा टिळा अजून माझ्यावर आहे. आता तो पुसायलाही कोणी येत नाही.