ब्रेकव्हॅन नसलेली मालगाडी

प्रल्हादरावांनी एकतीस वर्षं मालगाडीवर गार्ड म्हणून काढली, म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये. प्रत्येक स्टेशनावरून कोणीतरी हिरवी झेंडी दाखवायचा, आणि तेही आपली झेंडी दाखवायचे.

निवृत्तीनंतर त्यांना खेळण्यातली हुबेहूब मालगाडी हवी होती. गोल बाजारात तसलं काही मिळेना, म्हणून बाहेरगावच्या दुकानातून मागवली. आठ महिने फोन करून करून ते थकले, तेव्हा कुठे पार्सल चौबे कॉलनीतल्या त्यांच्या घरी आलं. इंजिन होतं, मालाच्या वाघिणी होत्या, ब्रेकव्हॅन नव्हती.

"अंकल, वो अब बनता ही नहीं," दुकानदार फोनवर म्हणाला.

"बिना ब्रेकव्हॅन की मालगाडी? शरम नहीं आती?" प्रल्हादराव तडकले. तीन दिवस त्यांनी खोक्यातून रूळसुद्धा काढले नाहीत.

त्यांची मुलगी अस्मिता रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होती. चौथ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर ती म्हणाली, "बाबा, काहून भांडून राहिले त्या माणसाशी? आमच्या कितीतरी मालगाड्या आता तशाच चालून राहिल्या. मागं एक यंत्र लावतात, बस्स. गार्ड समोर इंजिनात बसते."

जेवण झाल्यावर प्रल्हादरावांनी बैठकीत रूळ जोडले, गाडी सोडली आणि खुर्चीत बसले. एकेक वाघीण समोरून गेली. शेवटची आली तसा त्यांचा हात सवयीनं झेंडी दाखवायला वर गेला. ती सोफ्यामागं दिसेनाशी झाली, तरी हात खाली येईना.