टाचेवरच्या तीन फेऱ्या

पैज लागली ती जिन्यात, आणि लावली किल्लीवाल्यानं. शेजारात कुणाचं बरं चाललेलं असलं की याच्या जिभेला खाज सुटायची, आणि वाईट चाललेलं असलं तर जरा जास्तच. गेले तीन महिने वॉचमन सकाळी दाराबाहेर पडला की भिंत धरून, एक टाच अधांतरी ठेवून, लचकत लचकत आवारातल्या नळावर यायचा. त्याच्या मागे चार पावलांवर किल्लीवाला. तीच लचक, तोच भिंतीवर हात, वर तोंडानं बदकाचा आवाज. नळावरच्या बायका तोंड फिरवून हसायच्या. वॉचमनही हसायचा. दोघं शाळेपासूनचे दोस्त, हसण्यावाचून इलाज नव्हता.

त्या संध्याकाळी वॉचमन दवाखान्यातून एक खोका घेऊन आला. खोक्यातून निघाला अर्धा बूट. पुढून उघडा, मागून कडक प्लास्टिक, वर तीन पट्टे.

"हे काय, घोड्याचं सामान?"

"स्प्लिंट. रात्री घालून झोपायचं. झोपेत पाऊल खाली पडतं, तळव्याची शीर आखडते. सकाळी टेकवलं की एकदम ताणते, मग कळ. हे बोटं वर धरून ठेवतं, आखडूच देत नाही."

"आजाराचं नाव?"

"प्लांटर फॅसायटिस."

"नाव साहेबाचं आणि पाय वॉचमनचा. चार रात्री घालशील. पाचव्या रात्री वहिनी तुला नि या बुटाला एकदमच जिन्यात काढेल."

"चाळीस घालेन."

"तू? तुला साधी बनियन रात्रभर अंगावर टिकत नाही."

जिन्यात माणसं जमलीच होती. ठरलं असं, की जो हरेल त्यानं सगळ्यांसमोर आवारात टाचांवर चालत तीन फेऱ्या मारायच्या, बदकासारख्या, आवाजासकट. पंच म्हणून तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई. त्या रिटायर झाल्या होत्या, पण हजेरी घ्यायची हौस काही रिटायर झाली नव्हती. त्यांनी लगेच कॅलेंडर काढलं.

माणसं पांगल्यावर वॉचमन हळूच म्हणाला, "घालावंच लागेल रे. गोदामाचा मालक बदलला. दीड महिन्यानं नवा मॅनेजर पन्नाशीवरच्या सगळ्यांना चालवून बघणार आहे. लंगडला तो घरी. माझ्या पेन्शनला दोन वर्षं राहिलीत."

किल्लीवाल्याच्या जिभेवर आलेली पुढची कोटी तिथल्या तिथे विरली.

पहिल्याच सकाळी वॉचमन पडेल चेहऱ्यानं खाली आला. "हरलो. झोपेत कधी काढून फेकलं ते कळलंच नाही."

"पहिली रात्र रंगीत तालीम असते, धरायची नसते. काय बाई?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि मांडलेलं शून्य खोडून टाकलं.

त्याच संध्याकाळी किल्लीवाल्यानं नखाएवढं कुलूप आणलं, जुन्या बॅगेचं. वरच्या पट्ट्यात अडकवलं आणि किल्ली वहिनींच्या हातात दिली.

"भावजी, अहो, यांना रात्री उठायचं झालं तर?"

"हाक मारेल की. एवढ्या वर्षांत दुसरं काय केलंय त्यानं?"

समोरच्यानं जिंकावं म्हणून स्वतः कुलूप लावणारा पैजबहाद्दर कुणी पाहिला नव्हता. पण रात्री काही मजेच्या नव्हत्या. बोटं बधिर व्हायची, पोटरी ओढायची, कूस बदलायची तर तो बूट दुसऱ्या नडगीवर आपटायचा. वॉचमन छताकडे बघत पडून राहायचा. दिवसा ड्यूटीवर डुलक्या यायच्या, डोळ्यांखाली काळं धरलं. सकाळी मात्र किल्लीवाला लचक मोजायचा. सहा पावलं, मग चार, मग दोन. तेहेतिसाव्या सकाळी वॉचमन भिंतीला हात न लावता नळापर्यंत आला. मागून नक्कल करायला काही उरलंच नव्हतं. किल्लीवाला नुसताच चालत आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची थट्टा फसल्याचा त्याला आनंद झाला.

चाळिसावी फुली पडली आणि चालून दाखवायचा दिवसही तोच निघाला. "आधी पास होऊन ये," बाई म्हणाल्या, "फेऱ्या संध्याकाळी."

किल्लीवाल्यानं दुकान उघडलंच नाही. कुणाची तरी गाडी मागून आणली. "आज एकही पाऊल फुकट घालवायचं नाही. सगळी साहेबासाठी राखून ठेवायची."

गोदामाच्या व्हरांड्यात दहा-बारा म्हातारी माणसं भिंतीला टेकून उभी होती. वॉचमन इकडून तिकडे चालायला लागला.

"बस ना."

"नको. डॉक्टर म्हणालेत, फार वेळ बसू नकोस, आखडतं."

"डॉक्टरला परीक्षा द्यायचीय का? टाच वाचव." किल्लीवाल्यानं शिपायाला गोड बोलून आतून खुर्ची मिळवली. बाकीचे उभे आणि याला खुर्ची, म्हणजे मानच. वॉचमन दोनदा उठला. दोन्ही वेळा किल्लीवाल्यानं खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. साहेब नऊला येणार होता, साडेअकरा झाले. चाळीस रात्रींची झोप राहिलेली, वॉचमनला बसल्या बसल्या डोळा लागला. खुर्ची उंच होती. त्याचं पाऊल खाली लोंबत होतं, बोटं जमिनीकडे. ती वर धरायला रात्रीचा तो बूट आता नव्हता. किल्लीवाल्यानं शेजारच्यांना गप्प केलं. "झोपू द्या बिचाऱ्याला."

नाव पुकारलं. वॉचमन दचकून उठला आणि काचेच्या दारातून आत गेला. साहेबानं टेबलाशी बसून पेनानं खूण केली, चला.

पहिलं पाऊल टेकलं आणि किल्लीवाल्याला ती लचक ओळखू आली. तीन महिने रोज मागून पाहिलेली, स्वतः चालून पाहिलेली. वॉचमनचा हात भिंत शोधत होता, भिंत लांब होती. साहेबानं तेवढंच पाहिलं आणि खाली मान घालून लिहिलं. दहाव्या पावलाला वॉचमनची चाल सरळ झाली, पण तोवर साहेब पुढच्याचा कागद काढत होता. वॉचमन खोलीच्या टोकापर्यंत ताठ चालत गेला आणि तसाच परत आला. बघणारा किल्लीवाला एकटाच.

किल्लीवाल्यानं गाडी घराकडे वळवली. वॉचमनच्या खिशात घडी घातलेला कागद होता. नोकरी महिनाअखेरीपर्यंत.

संध्याकाळी आवारात माणसं आपोआप जमली. बातमी जिना चढून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली होती. वहिनी नळावर बादली भरत होत्या.

"मी बसवलं त्याला," किल्लीवाला त्यांना म्हणाला. "तो उठत होता. मीच दाबून बसवलं, दोनदा."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद केला नाही.

वॉचमन पायरीवर बसला होता. "फेऱ्या राहिल्यात," तो म्हणाला.

"आज नको रे."

"चाळीस रात्री काढल्यात मी. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे."

बाईंनी कॅलेंडर वर धरलं. "चाळीस भरल्यात," त्या म्हणाल्या.

किल्लीवाल्यानं चपला काढल्या, चवडे उचलले आणि चालायला लागला. आवारात खडी होती. पहिली फेरी झाली तरी कुणी हसलं नाही.

"एक. आवाज कुठाय?" वॉचमन म्हणाला.

किल्लीवाल्यानं बदकाचा आवाज काढला. एवढी वर्षं सगळ्यांना हसवणारा आवाज. एका खिडकीत लहान मूल खिदळलं, त्याला कुणीतरी आत ओढलं.

"दोन."

तिसऱ्या फेरीत खडी टाचेत रुतली, कळ गुडघ्यापर्यंत गेली, आणि किल्लीवाल्याचा हात आपोआप भिंतीकडे गेला. तसाच तो चालला. एक टाच अधांतरी, एक हात भिंतीवर, तोंडानं बदक. इतकी हुबेहूब नक्कल त्याला कधी जमली नव्हती.

"तीन," वॉचमन म्हणाला. मग तो उठायला गेला, पहिलं पाऊल टाकलं आणि कठड्याला धरून थांबला.

वहिनींनी नळ बंद केला.