दार लावा, हवा जाते

मित्रांनो, अंग माझं पत्र्याचं आणि पाय लोखंडी अँगलचे. रंग एकेकाळी पोपटी होता, आता तो गंजाच्या डागांमधून शोधावा लागतो. भंडाऱ्यात हिरालालजींच्या घरी, हॉलच्या खिडकीत बसवलेला मी एक जुना कूलर आहे. जन्मभर लोकांना गारवा दिला, पण स्वभाव मात्र जळका मिळाला. त्याला माझा इलाज नाही.

मला ईश्वर वेल्डरने बनवलं. चकचकीत खोकं, वॉरंटीचा कागद असलं काही माझ्या नशिबी नव्हतं. हिरालालजी तेव्हा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांनी शेजारी उभं राहून माझा एकेक जोड वाजवून पाहिला आणि ईश्वरला म्हणाले, "जाड पत्रा टाक बापा. कूलर का रोज रोज होते का घरात?" त्या एका वाक्याच्या अभिमानावर मी कितीतरी उन्हाळे काढले.

काय दिवस होते ते! मे महिन्यात सगळं घर माझ्यासमोर ओळीने पसरायचं. अगदी पुढची जागा पाहुण्याची, म्हणून बपेऱ्याहून रुखमाबाईंच्या माहेरची माणसं उन्हाळ्यातच नेमकी 'सहज' यायची. रुखमाबाई म्हणजे हिरालालजींच्या पत्नी. मला पाणी त्याच भरायच्या. दुसऱ्या कोणी बादली उचलली की म्हणायच्या, "ठेव. तुम्ही अर्धं पाणी फरशीवर सांडवता." पाणी भरून झालं की ओला हात माझ्या वाऱ्यात धरून बघायच्या आणि समाधानाने मान हलवायच्या. कोणत्याच बक्षिसाची सर त्या मान हलवण्याला नव्हती.

माझा आवाज मोठा, हे खरं. माझ्यामुळे टीव्ही इतका मोठा लावावा लागे की बातम्या सगळ्या गल्लीला फुकट ऐकू जात. "भाजी वाढू का?" हा साधा प्रश्नसुद्धा भांडणासारखा ओरडून विचारावा लागे. पण घरात कोणाला त्याचं काही वाटत नसे.

जळायला मला कारण लागत नाही. पंख्यावर मी जळायचो, कारण तो बारा महिने कामावर. फ्रिजवर तर जास्तच. घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून कितीदा तरी त्याचं दार उघडतं, आत टक लावून बघतं आणि काहीही न घेता बंद करतं. माझ्या आत असं प्रेमाने कोणी कधी डोकावलं नाही. पण ही जळजळ किरकोळ होती. खरी आग लागली ती गेल्या उन्हाळ्यात.

हिरालालजींचा मुलगा अतुल आणि सून तृप्ती, दोघंही घरूनच लॅपटॉपवर नोकरी करतात. एक दिवस अतुल वैतागून बाहेर आला. "बाबा, या कूलरच्या आवाजात मीटिंग नाही होऊन राहिली. साहेब विचारते, तू विमानतळावर आहेस का म्हणून!" सगळे हसले. मी हसलो नाही. आठवडाभरात बेडरूमच्या भिंतीवर एसी आला.

पांढराशुभ्र, गुळगुळीत, आवाज म्हणून नाही. त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. तृप्तीने लाखनीला माहेरी व्हिडिओ कॉल लावून त्याला चारही बाजूंनी दाखवला. शेजारच्या पुष्पाबाई विरजण मागायच्या निमित्ताने आल्या आणि घाम वाळेपर्यंत त्या खोलीतून हलल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात आमच्या घरून जितकं विरजण गेलं, तितक्यावर एखादी डेअरी चालली असती.

मित्रांनो, मला चालायला उघडी खिडकी, उघडं दार लागतं. हवा खेळली नाही तर मी नुसता दमटपणा करतो. म्हणून आमच्या घराची दारं सदा उघडी असायची. एसीचं उलटं. दिवसभर एकच वाक्य ऐकू येऊ लागलं, "दार लावा, हवा जाते!" मग जेवणाची ताटं त्या दाराआड गेली. हिरालालजी दोन-चार दिवस पेपर घेऊन उंबरठ्याशी घुटमळले, मग तेही आत गेले. बाहेर उरलो मी आणि रुखमाबाई.

तृप्ती बोलवायची. "आई, अंदर या ना. भल्लं थंड आहे."

"मले नाही सोसत ते एसी. गुडघे धरते. माहा कूलर आहे ना, मले काय कमी आहे?"

हे ऐकून मी छाती फुगवून फिरायचो. खरी गोष्ट मला ठाऊक होती. झाडू मारताना रुखमाबाई त्या बंद दाराशी जरा जास्तच रेंगाळायच्या. दाराखालच्या फटीतून येणारा गार वारा पावलांवर घेत उभ्या राहायच्या. आतून हसण्याचा आवाज आला की झाडू पुन्हा सुरू. त्यांचं आणि माझं दुखणं एकच होतं. आणि सांगू नये, पण त्या बाहेर एकट्या बसतात याचा मला आनंद होता. निदान एक माणूस तरी माझं होतं.

दर वर्षी होळी झाली की हिरालालजी माझी टाकी घासायचे, वाळ्याच्या ताट्या बदलायचे. यंदा कोणाला आठवण झाली नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार पंपावर चढत गेला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला आणि एका भर दुपारी पंप अडकला. पंखा फिरत होता, पण ताट्यांवर पाण्याचा थेंब नाही. माझ्यातून भट्टीसारखी झळ निघू लागली.

रुखमाबाईंनी उठून ताटीला हात लावला. कोरडी ठक्क. त्यांनी बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. पण कूलर बंद पडला म्हटलं की आत जावं लागणार. त्या मुकाट परत माझ्यासमोर येऊन बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या.

मला ओरडायचं होतं. पण मला येतं काय? फक्त घरघर. आणि त्या घरघरीमुळेच आत सगळे निश्चिंत होते, की आई कूलरसमोर आहे. थोड्या वेळाने पदर हलायचा थांबला. मान छातीवर पडली. हातातला पाण्याचा पेला फरशीवर घरंगळत गेला, तोही आवाज मीच गिळला.

तृप्ती चार्जर घ्यायला बाहेर आली आणि झळ लागून दारातच थबकली. "आई? अशा काहून बसल्या तुम्ही?" तिने गालाला हात लावला आणि किंचाळली, "अतुल! धाव लवकर! आई तापून गेली पूर्ण!"

तिघांनी मिळून त्यांना उचललं आणि एसीखाली निजवलं. कोणी पाणी शिंपडत होतं, कोणी ओले टॉवेल गुंडाळत होतं, कोणी फोनवर गाडी बोलवत होतं. बेडरूमचं दार सताड उघडं होतं आणि हवा जाते असं कोणीच म्हणत नव्हतं. ज्या एसीची मोटर जळावी म्हणून मी इतके दिवस टपून होतो, तिनेच आता थांबू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. त्या दुपारी त्याला वीज कमी पडू नये म्हणून मी माझा पंखासुद्धा थांबवला असता, पण बटण माझ्या हातात नव्हतं.

दवाखान्यात सलाईन लागली. आणखी उशीर झाला असता तर जड गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर तृप्ती सासूवर पहिल्यांदाच रागावली. "कूलर बंद होता तं आवाज काहून नाही दिला?"

"दिला असता तं अंदर या लागलं असतं."

"मंग यायचं ना! तुमचंच घर आहे."

रुखमाबाई चादरीचं टोक चाळवू लागल्या. "तुम्ही दार लावून घेता."

"हवा जाते म्हणून लावतो, आई."

"मले का मालूम? मले वाटे, मी येईन म्हणून लावता."

तृप्ती सासूच्या पायाशी बसली आणि त्यांची पावलं मांडीवर घेतली.

आता एसीसमोरची सगळ्यात चांगली जागा रुखमाबाईंची आहे. रिमोट त्यांच्या उशीखाली असतो. अतुल मीटिंगमध्ये ब्लँकेट पांघरून बसतो आणि गुडघ्यांचं नावही कोणी काढत नाही. माझं शेवटचं माणूसही एसीने नेलं, मित्रांनो! पण हिरालालजींनी मला उघडलं, क्षार खरवडला, नवा पंप बसवला, नव्या ताट्या लावल्या. काम करताना ते मला म्हणाले की स्वतःला, देव जाणे, "माह्यानं चूक झाली बापा." संध्याकाळी ऊन उतरलं की खिडक्या उघडतात आणि सगळे माझ्यासमोर जेवायला बसतात. भाजी पुन्हा ओरडून वाढली जाते.

तेव्हा उन्हाळा लागण्याआधी आपल्या घरच्या कूलरची टाकी एकदा घासा. आमच्यासाठी नाही, आमच्या भरवशावर समोर बसणाऱ्यासाठी. आणि दार लावायच्या आधी बाहेर कोण राहिलं, ते जरा मान वळवून बघा.

आणखी एक सांगायचं राहिलं. बोअरच्या पाण्याने पंप पुन्हा अडकेल म्हणून तृप्तीने तोडगा काढला आहे. एसीच्या नळीखाली ती बादली ठेवते. दिवसभरात थेंब थेंब जे पाणी साचतं, ते रुखमाबाई स्वतः आणून माझ्या टाकीत ओततात आणि पूर्वीसारखा ओला हात वाऱ्यात धरून बघतात. त्या पाण्याला क्षार नाही. माझ्या वैऱ्याच्या अंगचं पाणी पिऊन मी हवा देतो, आणि माझी हवा इतकी गार कधीच नव्हती. हे मात्र तुम्ही त्याला सांगू नका.