वाळूतल्या अकरा काठ्या

निवृत्तीनंतर समुद्र वाचवायचं मनावर घेतलं आणि किनारा सफाईच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांत मोठं पोतं मी भरलं. बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, शिवाय वाळूत कुणीतरी उगाच रोवलेल्या अकरा काठ्या.

"आजोबा, ती कासवांच्या घरट्यांची खूण होती!" कासव संवर्धन प्रकल्पाच्या ताईंनी कपाळावर हात मारला. "पिल्लं याच आठवड्यात बाहेर येणार. घरटी सापडली नाहीत, तर पिल्लं पायदळी तुडवली जातील. वहीत फक्त एका घरट्यापासून दुसऱ्याचं अंतर आहे."

"एक जागा आठवते," मी पुटपुटलो. "रांगेतली शेवटची काठी निघेना, म्हणून जोर लावला आणि तिथंच मी आपटलो होतो."

माझ्या बैठकीचा खळगा वाळूत शाबूत होता. ताईंनी तिथून टेप लावली आणि रांगेतली सगळी घरटी सापडली.

सफाईला माझ्यासोबत आलेली नात म्हणाली, "आजोबा, बारीक नाही झालात ते बरंच केलंत."