सोड्याची बादली

कुंदनला हर्षा मनापासून आवडली होती. आता अडलं होतं ते फक्त तिच्या वडलांच्या होकारावर, आणि ते त्या दिवशी घर पाहायला अकोल्याला येणार होते. बरोबर त्याच सकाळी कुंदनला कामाचा उमाळा आला.

गॅरेज त्याच्या घराच्या अंगणातच. गाड्यांच्या लोखंडी पार्टांवरचा जुना रंग अन् ग्रीस काढायला तो कॉस्टिक सोडा वापरायचा, आणि तेही मोठ्या शिस्तीत. हातात लांब रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आधी बादलीत पाणी आणि मग त्यात थोडा थोडा सोडा, कारण त्यानं पाणी तापतं. उलटं केलं तर उसळून तोंडावर येतो, हे तो गिऱ्हाइकांना न विचारताच ऐकवायचा. त्या दिवशीही सारं बरोबर केलं. फक्त पाहुण्यांची गाडी गल्लीत दिसली आणि गडी मोजे फेकून शर्ट बदलायला आत पळाला. बादली नळापाशी तशीच राहिली.

हर्षाचे वडील देवीदासजी चांदूर रेल्वेचे बागाईतदार, रीतभात पाहणारे माणूस. अंगणात शिरले तर नळापाशी बादली, पाणी स्वच्छ, वर थोडी वाफ. त्यांना फार बरं वाटलं.

"पाहा बुधाजी," ते सोबत आलेल्या मेहुण्यांना म्हणाले, "पाहुण्याले हात धुवायले गरम पाणी ठेवलं. याले म्हनतात वळण." आणि त्यांनी उजवा हात बादलीत घातला. "पाणी लय मऊ आहे बुवा. बुळबुळीत लागून राहिलं."

कुंदन दारातून ओरडला. काय ओरडला ते इथं लिहिण्यासारखं नाही. होणाऱ्या सासऱ्याला असं कोणी बोलत नाही. धावत येऊन त्यानं देवीदासजींचं मनगट धरलं आणि नळ फिरवला. नळ कोरडा. अकोल्याचा नळ तो, त्याची वेळ त्यालाच ठाऊक! मग पिण्याच्या पाण्याचा ड्रम उघडला आणि हातावर मग्गे ओतत सुटला.

"अवं माय, प्यायचं पाणी आहे ते!" त्याची आई पार्बताबाई आतून कळवळली.

"लिंबू चोळा, लिंबू!" बुधाजी म्हणाले.

"लिंबू-बिंबू काही नाही. पाणीच पाहिजे," कुंदन म्हणाला आणि ड्रमचा तळ दिसेपर्यंत थांबला नाही. देवीदासजींचं धोतर निथळत होतं. आत पोहे गार झाले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कातडी लाल झाली, थोडी निघेल, पण लगेच पाणी ओतलं म्हणून हात वाचला. झालं! शिव्या राहिल्या बाजूला, कुंदनचं कौतुक सुरू झालं. बुधाजींनी नातेवाइकांना फोन लावले, पार्बताबाईंनी शेजारणींना गाठलं. संध्याकाळपर्यंत कुंदनलाही वाटू लागलं, की आपण काहीतरी भलतंच मोठं केलं.

तेवढ्यात हर्षाचा फोन आला.

"सारे तुमचं नाव घेऊन राहिले, बाबा तं हो म्हनून मोकळे झाले," ती म्हणाली. "मले एकच सांगा. बादली उघडी काहून होती?"

"घाई झाली. तुमचे लोक आले ना."

"अन् उद्या त्याच अंगणात आपलं लेकरू रांगलं, अन् गिऱ्हाईक आलं, तं?"

'आपलं' म्हणाली! कुंदनला आनंद झाला आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

"सोड्याचं काम मागच्या खोलीत नेतो," तो म्हणाला. "दाराले कुलूप लावतो. बादलीले झाकण आणतो."

"करा. मी सोता येऊन पाहीन, मंगच हो म्हनीन," हर्षा म्हणाली. "तोवर बाबाले सांगते, मले घाई नाही."