छाती अडतीस

यज्ञेश्वर. खांदा सतरा. पाठ एकोणीस. छाती अडतीस.

शेवटचा आकडा खोटा आहे. कुंदाने तो सांगितला आणि यज्ञेश्वररावांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिला.

दारव्ह्यात कुंदाचं ब्लाउज शिवणं सव्वीस वर्षं असंच चालत आलं. तिने टेप धरून आकडा म्हणायचा, तहसीलमधून घरी आलेल्या नवऱ्याने चहा पिता पिता तो उतरवायचा. कारकुनाचं अक्षर, एक खाडाखोड नाही. कापताना कुंदा डोकं चालवत नाही, वही पाहते.

पण हे माप ब्लाउजचं नव्हतं.

तुकडा पहिला: पाठ.

भाची शाल्मलीने पुण्याहून सॅकचं पेपर कटिंग, म्हणजे तुकड्यांचे कागदी नमुने पाठवले होते, कॉलेजच्या पोरांच्या मापाचे. कुंदाला त्यात पुस्तकं ठेवायची नव्हती. अडीच किलोचं प्राणवायूचं यंत्र ठेवायचं होतं, नळी नवऱ्याच्या नाकात. यंत्र बाहेरची हवा ओढतं, म्हणून बाजूच्या खणाऐवजी जाळी. नळीसाठी वर मोठं काज. आणि बकल नाहीच, त्यांच्या थरथरत्या बोटांना ते सरकवता येत नाही. पट्टे पक्के शिवायचे, नेमक्या मापाचे.

सोमवारी बँकेत पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. बँकेचा माणूस घरी यायला तयार होता, यज्ञेश्वररावांनी फोनवरच नाही म्हटलं. जिवंत असल्याचं खाटेवरून सांगायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. चार महिने ते फाटकाबाहेर गेले नव्हते. यंत्र हातात पेलत नव्हतं, आणि कुंदाने ते उचलून मागे मागे चालावं हे मंजूर नव्हतं.

"मी काय नवरदेव आहो, करवली घेऊन फिराले?"

माप घेताना ते ताठ उभे राहिले, छातीत हवा भरून. वही हातात, पेन तयार. टेपचं टोक तेहतीसवर टेकलं.

"किती?"

तिने त्यांच्या जुन्या शर्टाचा आकडा सांगितला.

"पाह्य," ते लिहिता लिहिता म्हणाले, "तसाच आहो मी."

तुकडा चौथा: पट्टे, दोन.

तेहतीस लक्षात ठेवायचं होतं. शुक्रवारभर तिने ते ठेवलंही. शनिवारी जाळी बसवली, काज केलं, पट्ट्याचं कापड पसरलं, खडू उचलला, आणि

वही पाहिली.

रविवारी त्यांनी सॅक पाठीवर घेतली. यंत्रासकट सॅक घसरून कमरेखाली गेली, वजनाने ते मागे ओढले गेले, चौकट धरली म्हणून वाचले. कुंदाने मागून सॅक पेलली. पेपर कटिंगच चुकीचं आहे, असं ती म्हणाली. शाल्मलीला काही धड पाठवता येत नाही, असंही म्हणाली.

ते खुर्चीत बसले. श्वास लागला होता. तो खाली बसल्यावर त्यांनी वही मागून घेतली. आपलंच अक्षर बराच वेळ पाहत राहिले. सव्वीस वर्षांत कुंदाचं माप चुकल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"टेप आण."

ती उगीच शिलाई चाचपत राहिली.

"आण. आता हवा नाही भरत."

तिने टेप फिरवली. बनियनखाली फासळ्या लागत होत्या.

"तेहतीस."

पेन टेकलं नाही.

"कुंदा."

"बत्तीस."

त्यांनी अडतीसवर आडवी रेघ मारली. वहीतली पहिली. बाजूला बत्तीस लिहिलं, तारीख घातली, वही मिटली.

ती पट्टे उसवायला बसली. जास्तीचं कापड कापायला कात्री उचलली तेव्हा ते खुर्चीतूनच म्हणाले, "कापू नको. आत दुमड."

अंग भरणाऱ्या मुलींच्या ब्लाउजात ती असंच कापड आत ठेवते. कायले, असं तिने विचारलं नाही. दुमडलं. पट्टा जाड झाला, सुई दोनदा मोडली.

तुकडा शेवटचा, पेपर कटिंगमध्ये नाही: सोमवार.

पट्टे बसले. जाळी उघडी, नळी काजातून खांद्यावर. ओट्यापासून फाटकापर्यंत एकोणचाळीस पावलं. तिथे ते थांबले, फाटक धरून. पाठीवरची सॅक वर जायची, खाली यायची, वर जायची.

कुंदाला मागे यायची परवानगी होती, रिकाम्या हातांनी. तिने हात पुढे केले नाहीत.

बऱ्याच वेळाने फाटकाची कडी वाजली.