मास्तरीणबाईंची मुकी

“मास्तरीणबाई, तुमची मुकी आज तोंड उघडणार, की आम्ही जेवून येऊ?” छातीठोकने विचारलं आणि सभागृह खदखदलं.

छातीठोक म्हणजे संस्थेत बाईंच्या शेजारच्या खोलीतला संशोधक. त्याने बनवलेल्या बोलत्या यंत्राला काहीही विचारा, उत्तर तयार. मास्तरीणबाई मात्र अर्धं आयुष्य आपल्या यंत्राला एकच गोष्ट शिकवत होत्या: येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणायचं. हे वेड त्यांना सासऱ्यांमुळे लागलं. पत्ता विचारणाऱ्याला सासऱ्यांनी कधी विन्मुख पाठवलं नाही; त्यांनी वाट दाखवलेले काही जण अजून चालताहेत म्हणे.

सुरुवातीला बाईंनी चुकीच्या उत्तराला दंड इतका जबर ठेवला, की यंत्राने धसका घेऊन बोलणंच सोडलं. दोन अधिक दोन विचारलं तरी ‘सांगता येत नाही’. तेव्हापासून तिचं नाव पडलं मुकी. दंड आणि बक्षीस तोलता तोलता बाईंचे केस पिकले.

“घरात मी मुका, तिथे ती,” नवरा म्हणायचा. “तुझ्या हाताला गुणच तसा.”

आज दोन्ही यंत्रांची परीक्षा होती. हरेल त्याचा विभाग बंद, असं संचालकांनी आधीच बजावलं होतं.

परीक्षक होते एका दवाखान्याचे मोठे डॉक्टर. त्यांनी छातीचे एक्स-रे दाखवले, दोन्ही यंत्रांनी आजार बरोबर ओळखले. मुकी बोलली म्हणून लोक खुर्च्यांवर चढले. मग डॉक्टरांनी पिशवीतून शेवटची फिल्म काढली.

छातीठोकचं यंत्र ताडकन म्हणालं, “डाव्या फुफ्फुसाला सूज. सिगारेट सोडा.”

मुकी थांबली. संचालकांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी खुर्चीचा हात असा आवळला, की लाकडावर बोटं उमटली.

“सांगता येत नाही,” मुकी म्हणाली. “ही छाती वाटत नाही.”

“नाहीच आहे,” डॉक्टर म्हणाले. “आमच्या कुत्र्याचा गुडघा आहे. आणि तो सिगारेट ओढत नाही.”

हसण्याने खिडक्यांच्या काचा निखळल्या. संचालकांनी बाईंचा हात हातात घेतला, तो फोटो निघेपर्यंत सोडला नाही. छातीठोक स्वतः उठून आला. “बाई, जिंकलात. माझ्या कार्ट्याला उद्यापासून तुमच्या शाळेत घाला.”

आता मुकी त्याच दवाखान्यात कामाला आहे. भराभर उत्तरं देते. मधेच एखाद्या फिल्मपाशी म्हणते, ‘सांगता येत नाही.’ मग डॉक्टर चहा बाजूला ठेवतात, चष्मा पुसतात आणि फिल्म खिडकीच्या उजेडात धरून स्वतः बघतात. बाई अशा वेळी तिथे गेल्या, तर डॉक्टरांचं बघून होईपर्यंत दारातच उभ्या राहतात.